काचेसारखं पाणी

तुरीच्या डाळीची एक फाक दाताखाली कचकन आली आणि घास तोंडातच थांबला. फार काही झालं नव्हतं. डाळ कच्ची राहिली होती, एवढंच. कच्ची डाळ खाऊन कोल्हापुरात आजवर कुणी मेलेलं नाही. पण मी घास गिळेना आणि थुंकेना. ती फाक जिभेवर फिरवत बसलो, वरून जराशी मऊ, आत टणक, आणि अंबू, माझी बायको, भाकरी थापता थापता माझ्याकडं बघायला लागली. 'खडा लागला व्हय?' 'डाळ शिजली न्हाय.' 'कशी शिजंल? गल्ली खणून ठेवलीया, दोन दीस नळाला पानी न्हाय. इहिरीच्या पान्यात डाळ शिजतीय व्हय कधी? सोडा आना म्हनून परवापासनं कोकलाय लागलीया मी. तुमास्नी दवाखान्यातलं जंतू सोडून दुसरं काय याद ऱ्हातंय?' ती बोलत राहिली, तव्यावरची भाकरी फुगत राहिली. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकतोय. आई म्हणायची, शेजारणी म्हणायच्या, लग्नाच्या पंगतीतले आचारी म्हणायचे. त्याचा अर्थ मला त्रेचाळिसाव्या वर्षी, ताटावर बसलेला असताना कळला आणि मी घास थुंकला. कारण गेले अकरा दिवस मी प्रयोगशाळेत विहिरीचंच पाणी वापरत होतो, आणि त्या पाण्यानं दिलेल्या साक्षीवर आज अकरा वाजता एका माणसाचा उजवा हात खांद्याखालून कापणार होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. मी ताटातच हात धुतला. अंबू म्हणाली, 'आता डाळीवर रुसून निघाला व्हय?' मी म्हणालो, 'न्हाय. डाळीनं उपकार केलं माझ्यावर.' तिनं कपाळाला पीठ लागलेला हात लावला. मी सायकल काढली.

माझं नाव केरबा. बिद्रीच्या बाजूचा. सातवी पास होऊन शहरात आलो आणि एका धर्मादाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही. बाटल्या धुता धुता लेबलं वाचायला शिकलो, लेबलांवरून इंग्रजी आलं, मग रद्दीत निघालेली परदेशी मासिकं घरी नेऊ लागलो. शब्द अडला की कोश. कोशातला अर्थ अडला की त्या अर्थातले शब्द पुन्हा कोशात. एका पानाला एकदा पंधरा दिवस लागले होते. आज, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, पू आला, लघवी आली, थुंकी आली की त्यातला जंतू ओळखायचा, वाढवायचा आणि कुठल्या औषधानं मरतो ते बघायचं, हे सगळं मी करतो. आमचे डिग्रीवाले डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, चहा पितात आणि कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकून जातात. वरचा मजकूर मी भरतो. रिपोर्ट बरोबर निघाला तर सही त्यांची, चुकला तर अक्षर माझं. याचा मला राग आहे. तो मी लपवत नाही, त्यांच्या तोंडावरही बोललोय. पण खरं सांगायचं तर माझ्यासारखा सुखी माणूस त्या इमारतीत दुसरा नसेल. सकाळी जंतू उबवायच्या पेटीचं, इनक्युबेटरचं, दार उघडलं की जो उबदार, अंडी घालून बसलेल्या कोंबडीच्या टोपलीसारखा वास येतो, त्या वासाला मी वीस वर्षं रोज हजर आहे. तिथं मला कुणी विचारत नाही तू किती शिकलास. जंतू काय विचारणार? तो वाढतो किंवा मरतो, आणि दोन्ही खरंच करतो. माणसांपेक्षा मला हे बरं वाटतं.

हात कापायचा होता तो बाळासोचा. कागलच्या पलीकडच्या एका गावचा गुळव्या. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मालक नव्हे. मालक उसाचा असतो, गूळ गुळव्याचा असतो. चुलवाणावरच्या काहिलीत रस उकळून पाक झाला की तो नेमक्या कुठल्या क्षणाला उतरवायचा, हे एकट्या गुळव्याला कळतं. पाण्यात हात बुडवून तो पाकाचा थेंब बोटांत धरतो, अंगठ्यानं त्याची गोळी वळतो आणि त्या गोळीच्या तटतटण्यावरून सांगतो, उतरवा. क्षणभर आधी उतरवला तर गूळ पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. यासाठी थर्मामीटर लागत नाही, उजव्या हाताची दोन बोटं लागतात. काहील उतरवताना कडी निसटली आणि बाळासोचा तोच हात कोपराच्या वरपर्यंत उकळत्या पाकात गेला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून भाजत राहतो. महिना होत आला होता. आधी जखम बरी वाटली, मग एके दिवशी पट्टी सोडली तर ती निळसर हिरवी झालेली. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं तर जो रंग चढतो, तो रंग. आणि गोडसर वास, पिकून उतू गेलेल्या द्राक्षांसारखा. तो वास आला की मला सूक्ष्मदर्शकात डोळा घालावा लागत नाही. स्यूडोमोनास. पाण्यात राहणारा, ओल्या फडक्यात राहणारा, साबणाच्या पाण्यात सुद्धा संसार थाटणारा जंतू. भाजलेल्या माणसाचा दावेदार. बहुतेक औषधांना तो भीक घालत नाही. त्याला घाबरवणारं एक औषध आमच्या दवाखान्यात होतं, जेंटामायसिन. आमचे सर्जन गणपतराव यांनी ते सुरूही केलं होतं आणि दोन दिवसांनी बंद केलं. का बंद केलं? मी रिपोर्ट लिहिला म्हणून. 'या जंतूवर जेंटामायसिनचा उपयोग नाही.' माझ्या सुवाच्य अक्षरात.

आता ते पाणी. आमची तपासणी अशी असते: समुद्रातल्या शेवाळापासून केलेली अगारची पूड पाण्यात उकळायची, काचेच्या बशीत ओतायची, थिजली की तिच्यावर रोग्याचा जंतू सारवायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जंतू दाट साईसारखा उगवतो. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. गोल मोठा, औषध चांगलं. गोल लहान, औषध फुकट. पुडीच्या डब्यावर लिहिलेलं असतं, पाणी ऊर्ध्वपातित घ्यावं, म्हणजे वाफेचं, ज्यात पाण्याशिवाय काही नाही. ते करणाऱ्या आमच्या यंत्राचा हीटर जळाला. वरून सांगितलं, तीन ठिकाणची कोटेशनं येऊ द्यात. मी म्हणालो, तोवर जंतूंना रजा देऊ का? उत्तर आलं नाही. मग मी दवाखान्याच्या आवारातल्या विहिरीचं पाणी काढलं. ते पाणी मी चारदा उकळलं, कापसातून गाळलं, गाळणकागदातून गाळलं, पुन्हा उकळलं. चंचुपात्र उजेडात धरून बघितलं, काचेसारखं पाणी. कण नाही, कचरा नाही. माझा मलाच अभिमान वाटला. अभिमान कसला, आमच्याकडं विहिरीच्या पाण्याबद्दल बोलताना माणसाची मान आपोआप ताठ होते. माझा बाप पावण्याला आधी विहिरीवर न्यायचा आणि मग घरात. 'हे पानी प्या, पावणं, आनि मग सांगा.' त्या पाण्याला चव होती. चव कशाची होती हे बापानं कधी विचारलं नाही, आणि मी, जो एवढी मासिकं चघळून बसलो होतो, मीही विचारलं नाही. चुन्याची होती, दुसऱ्या कशाची? उकळल्यानं जंतू मेले, थोडा चुना, म्हणजे कॅल्शियम, भांड्याच्या बुडाला बसला. उरलेला चुना आणि त्याच्या जोडीचं सगळं मॅग्नेशियम पाण्यातच राहिलं, पाणी आटलं तसं दाट झालं. मी स्वच्छ केलं होतं आणि शुद्ध झालं असं धरून चाललो होतो. हातानं काम करून वर आलेल्या माणसाचीच ही चूक. शिकलेल्या माणसानं ती केली नसती, कारण त्यानं चारदा गाळायचे कष्टच घेतले नसते. हात वर केले असते.

याहून वाईट सांगायचं राहिलं. त्या अकरा दिवसांत माझ्याकडं लागोपाठ तीन रोग्यांचे स्यूडोमोनास आले आणि तिघांवरही जेंटामायसिनचा गोल लहान आला. वर्षभरात असा एकही आला नव्हता. शंका यायला पाहिजे होती. मला शंका आली नाही, आनंद झाला. कोल्हापुरात नव्या जातीचा चिवट जंतू निघाला आणि तो सातवी पास केरबानं शोधला. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पत्र लिहायला घेतलं होतं मी. इंग्रजीत. दोन परिच्छेद झाले होते आणि तिसऱ्यात कुठला शब्द घालावा म्हणून कोश उघडा ठेवला होता. बाळासो वॉर्डात कण्हत होता तेव्हा मी शब्द निवडत होतो. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटली पाहिजे.

सायकलवर मात्र लाजेला वेळ नव्हता. डोकं विलक्षण साफ झालं होतं. बिनखांबी गणपतीच्या पुढं एक बैलगाडी आडवी होती, मागं उसाची मोळी घेतलेला म्हातारा, कुणी कुणाला वाट देईना, सगळे एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते, आणि मी त्या गर्दीत एका पायावर सायकल तोलून जंतूच्या अंगावरचं पांघरूण बघत होतो. तीन वर्षांपूर्वी वाचलेलं एक पान डोळ्यांसमोर आलं, माझ्या पेन्सिलीच्या रेघांसकट. स्यूडोमोनासच्या अंगावर बाहेरून एक पांघरूण असतं, चरबीचं आणि साखरेचं. चरबीची मुळं आत रुतलेली, साखरेच्या लांब शेंड्या बाहेर लोंबणाऱ्या. हे सगळे रेणू एकमेकांना खेटून उभे, पण प्रत्येकावर ऋण भार, त्यामुळं एकमेकांना ढकलणारे. वाटणीला बसलेल्या सख्ख्या भावांसारखे. एकाच घोंगड्यावर बसलेत पण तोंड बघायला तयार नाहीत. मग ते पांघरूण फाटत का नाही? कारण दर दोघांच्या मध्ये एक मामा बसवलेला असतो. कॅल्शियम, नाहीतर मॅग्नेशियम. मामाचा भार धन, आणि हात दोन. एका हातानं हा भाचा धरतो, दुसऱ्या हातानं तो. मामा आहे तोवर घर उभं. जेंटामायसिन येतं ते आधी या मामाला उठवायला. त्याच्याजवळही धन भार, मामाच्या दुप्पट. ते मामाची जागा बळकावतं, पण त्याचं बूड मोठं, भाच्यांना धरायची अक्कल नाही. पांघरुणाला फट पडते आणि त्या फटीतून औषध आत शिरतं. आणि माझ्या बशीत काय झालं होतं? विहिरीच्या पाण्यानं मामांचा बाजार भरला होता. एक उठवावा तर दोन बसायला तयार. बिचारं औषध दारातच थांबलं आणि मी लिहिलं, औषध निकामी. डाळीचंही तेच. तिच्याही पेशींमध्ये असलाच एक चिकट पदार्थ असतो, कॅल्शियमनं आवळून धरला की डाळ फुटत नाही. हे बायकांना हजार वर्षं ठाऊक आहे. मी मासिकातलं ते पान पाठ केलं होतं, पाणी हातानं उपसलं होतं, पण डोक्याची आणि हाताची गाठ पडली नव्हती. ती पाडायला एक कच्ची डाळ लागली. बैलगाडी सरकली. मागून कोणीतरी म्हणालं, 'ओ पावणं, सायकलवर समाधी लागली व्हय?' मी पायडल मारलं.

दवाखान्यात शिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाळासोची थोरली बहीण बसली होती. तिला सगळा वॉर्ड आक्का म्हणायचा. पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. मी तिच्याकडं न बघता आत गेलो. गणपतराव बेसिनजवळ कोपरापर्यंत हात घासत उभे होते. दांडगा माणूस, तरुणपणी तालमीत घुमलेला, कान अजून चुरगळलेले. आमच्या दवाखान्यात कोऱ्या कागदावर सही न करणारा हा एकच डॉक्टर. म्हणूनच त्यांच्यापुढं बोलायचं जड गेलं. दुसरा कुणी असता तर मी त्यालाच चार शिव्या हासडून वेळ मारून नेली असती.

'काय केरबा? हात धुवून व्हायला आलेत माझे. काय असंल ते चटकन सांग.'

'डॉक्टर, बाळासोचा रिपोर्ट चुकलाय.'

'कुणाचा चुकलाय?'

'माझा.'

त्यांनी ब्रश थांबवला. नळ चालू होता. मी सगळं सांगितलं. विहीर, चारदा गाळणं, मामा सुद्धा सांगितला, कारण दुसऱ्या शब्दांत सांगायला मला त्या वेळी जमेना. ते ऐकत होते आणि कोपरावरून पाणी गळत होतं.

'आणि हे तुला आज सुचलं. टेबलावर घ्यायच्या अर्ध्या तासावर.'

'व्हय.'

'कशावरनं?'

'डाळ शिजली न्हाय घरात.'

ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील. 'ऐक,' ते म्हणाले. 'त्याला काल रात्री एकशे चार ताप होता. आज हात काढला तर माणूस ऱ्हाईल असं मला वाटतंय. उद्यापर्यंत थांबलो आणि तुझं औषध चाललं न्हाय, तर जंतू रक्तात जाईल. मग हात काढून पण उपयोग न्हाय. आता सांग. खात्री किती?'

खात्री. वीस वर्षांत मला कुणी हा शब्द विचारला नव्हता. फॉर्मवर त्याला रकानाच नाही. मी खोटं बोलू शकलो असतो, शंभर टक्के म्हणालो असतो तर त्यांनाही सोपं गेलं असतं. 'पाणी चुकलं याची पक्की,' मी म्हणालो. 'औषध चालंल याची तेवढी न्हाय. पण आधीच्या वर्षातल्या सगळ्या स्यूडोमोनासवर ते चाललंय. हाच एकटा वेगळा असायचं कारण मला सापडत न्हाय. शोधत होतो, कारण मला तो वेगळा पायजे होता.'

शेवटचं वाक्य कशाला बोललो कुणास ठाऊक. गणपतरावांनी ब्रश खाली ठेवला. मग कोपरानं नळ बंद केला. 'सिस्टर,' त्यांनी हाक मारली, 'जेंटामायसिन काढा. वजनावर डोस मी लिहितो. सुरू करा, आत्ता. टेबल उद्यावर.' आणि माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून: 'उद्या आठला मला बशी दाखव. चुकलास तर मी तुझ्याबरोबर चुकलो असं म्हणणार न्हाय. समजलं का?' 'समजलं.' 'पळ मग.'

पळालो तो उद्यमनगरात, गॅरेजं आणि कारखान्यांच्या भागात. एवढं शुद्ध पाणी कुठं मिळणार? इंजेक्शनात मिसळायच्या पाण्याच्या कुप्या दवाखान्यात होत्या, पण त्या मोजून मिळायच्या. मोटारीच्या बॅटरीत घालायचं पाणी मात्र गॅरेजवाल्याकडं मोठे बुधले भरून असतं, तेही वाफेचंच. तिथं लेथच्या कडकडाटात, तेलानं काळ्या झालेल्या जमिनीवर उभं राहून मी दोन बाटल्या भरून घेतल्या. मिस्त्री म्हणाला, 'दवाखान्याची गाडी का?' मी म्हणालो, 'न्हाय, दवाखान्याचा माणूस हाय. त्याची बॅटरी उतरलीया.' तो खरंच समजल्यासारखी मान हलवून पुन्हा लेथकडं वळला. आणि दुपारभर मी काम केलं. पूड तोलली, उकळली, प्रेशरच्या भांड्यात चढवली, बशा ओतल्या. सहा बशा बॅटरीच्या पाण्याच्या, सहा विहिरीच्या. बाळासोचा तोच जंतू, त्याच कुपीतल्या चकत्या, तोच इनक्युबेटर. फरक फक्त पाण्याचा. भिऊन काम करताना हात कापतात असं म्हणतात. माझे कापत नव्हते. बशीवर जंतू सारवताना कापसाचा बोळा काचेच्या कडेला लागतो तेव्हा जो बारीक आवाज येतो, तो मला ऐकू येत होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. चिमटा विस्तवात धरायचा, गार होऊ द्यायचा, चकती उचलायची, ठेवायची, हलकं दाबायची. मी सुखात होतो. माणसाचा हात टांगणीला लागलाय, आपली वीस वर्षांची इभ्रत टांगणीला लागलीय, आणि आपण सुखात आहोत, हे विचित्र आहे, पण खोटं नाही. बहुधा पहिल्यांदाच मी कुठल्या उत्तरासाठी हपापलेलो नव्हतो. जे येईल ते बघायचं होतं.

चार वाजता वॉर्डात गेलो. न जाता भागलं असतं. गणपतरावांनी आक्काला एवढंच सांगितलं होतं की नवीन औषध देऊन बघतोय. पण मी ज्या डॉक्टरांना कोऱ्या सह्यांवरून शिव्या घालतो, त्यांच्याच रांगेत जाऊन बसायची माझी तयारी नव्हती. बाळासो पडला होता, डोळे तापानं लाल, हात उशीवर ठेवलेला, पट्टीवरून तो रंग पुन्हा उमटलेला. मी स्टूल ओढलं आणि सांगितलं. तुमच्या पुवाची तपासणी मी केली, पाणी चुकीचं वापरलं, औषध चालत नाही असं मी लिहिलं, त्यामुळं औषध बंद झालं, त्यामुळं आज हात जाणार होता. आता औषध पुन्हा सुरू केलंय. चालेल का ते उद्या सकाळी कळंल.

आक्का उठून उभी राहिली. 'आनि सकाळी कापला असता म्हंजे?'

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

'बोल की. कापून झाल्यावर आला असतास सांगाय? सात दीस औषीद बंद हाय त्याचं. सात दीस त्यो तळमळाय लागलाय आनि मी देवाला बोल लावाय लागलीया. देवानं काय केलं हुतं त्यात?'

'देवानं काय न्हाय केलं, आक्का. मी केलं.'

'तुला प्वारंबाळं हायत का न्हाय?'

'हायत.'

ती आणखी बोलली. बोलली ते सगळं योग्य होतं, ते मी मुद्दाम गाळत नाही, पण तिच्या आवाजाशिवाय ते कागदावर उतरत नाही. शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले होते. बाळासोनं मान वळवली. मग त्यानं ओठ ओले केले. 'आक्का, बस,' तो म्हणाला. 'मी दोन सालामागं पाटलाची एक काहील घालवली. रसात चुन्याची निवळी जास्ती पडली. गूळ काळा आला. मी काय केलं म्हाईत हाय? तसाच गार करायच्या वाफ्यात वतला आनि ऊस वाईट हुता म्हनून सांगितलं. पाटलानं ऊसवाल्या गड्याला हाकलला.' त्याला दम लागला. थांबून तो माझ्याकडं वळला. 'त्यो गडी अजून दिसतोय बाजारात. मी दुसऱ्या गल्लीनं जातोय. तू सरळ आलास.' डोळे मिटून घेतले त्यानं. 'पर हात गेला तर तुला सोडनार न्हाय.' मी म्हणालो, 'सोडू नका.'

घरी जाऊन मी जेवलो आणि झोपलो. झोप आली नाही असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल, पण मला झोप आली. पहाटे उठलो तो चहा न घेताच निघालो. आठला दहा मिनिटं कमी असताना मी इनक्युबेटरचं दार उघडलं. गणपतराव माझ्या मागं उभे होते, ते आधीच आले होते आणि माझ्या स्टुलावर बसून माझी मासिकं चाळत होते. मी आधी विहिरीची बशी काढली. चकतीभोवती गोल म्हणावा असा नव्हता, चकती धरून अकरा मिलिमीटर. मग बॅटरीच्या पाण्याची. साईसारख्या हिरवट थरात एक स्वच्छ, काळजी घेऊन कापल्यासारखा गोल. मी पट्टी लावली. एकोणीस. दुसरी बशी, एकोणीस. तिसरी वीस. सहाही तशाच. गणपतरावांनी बशी खिडकीकडं धरली आणि बराच वेळ ती फिरवत राहिले. 'त्याचा ताप उतरलाय,' ते म्हणाले. 'शंभर झालाय पहाटे. मी तिथनंच आलो.' 'मग आधी का न्हाय सांगितलं?' 'तुझं तोंड बघायचं होतं.' मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, 'बाकीचे दोन?' ते मी विसरलो नव्हतो. त्यातली एक म्हातारी, बनाबाई, कानाच्या दुखण्याची, घरी नृसिंहवाडीला गेली होती. तिच्याकडं मी रविवारी एसटीनं गेलो, कान अजून वाहत होता, तिला घेऊन आलो. दुसरा रोगी आपोआप बरा झाला होता, त्याच्या दारात उभा राहूनही मी सांगितलं. तो म्हणाला, बरा झालोय की, आता कशाला सांगता? मी म्हणालो, सांगायचं असतं म्हणून. पुण्याचं पत्र फाडलं. हीटरची कोटेशनं अजून येतच होती. गणपतराव एकदा वरच्या मजल्यावरच्या कचेरीत जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी हीटर बसला. काय बोलले ते मी विचारलं नाही. जिन्याखालपर्यंत ऐकू आलं होतं.

बाळासोची पट्टी पाचव्या दिवशी फिकी झाली, नवव्या दिवशी पांढरी निघाली. मग मांडीची कातडी काढून दंडाला आणि हाताच्या पाठीला लावली. महिनाभरानं गणपतरावांनी त्याला बोटं हलवायला सांगितली, आणि बोटं हलेनात. नवी कातडी आखडली होती. हात खांद्याला होता, पण तो गुळव्याचा हात नव्हता. नुसता असलेला हात घेऊन तो काय करणार होता? रोज गरम पाण्यात हात शेकायचा, रबराचा चेंडू दाबायचा, असं सांगितलं. बाळासो चेंडू दाबायचा नाही. नुसता बघत बसायचा. आक्का मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, 'तुजं ऐकंल त्यो. तुज्यावर राग हाय त्याचा.' मी रोज दुपारी, बशा वाचून झाल्या की, जाऊ लागलो. काय बोलणार? मी माझी तर्जनी त्याच्या तळहातात ठेवायचो आणि म्हणायचो, दाबा. पहिले काही दिवस नुसती ऊब लागायची, तान्ह्या पोरानं धरल्यासारखी. तो दुसरीकडं बघायचा. 'सोडणार न्हाय म्हणाला होता की,' मी म्हणायचो, 'धरताय कुठं?' मग त्याचा जबडा आवळायचा. बाहेर गुऱ्हाळांचा हंगाम सरत आला होता, उन्हं वाढली होती, वॉर्डाच्या खिडकीत कुणाचं तरी धोतर वाळत होतं. एका दुपारी त्यानं माझं बोट अंगठ्याखाली घेतलं, पहिल्या बोटावर टेकवलं आणि पाकाची गोळी वळावी तसं हळूहळू वळायला लागला. कपाळावर घाम आला. आक्का पंखा घालायची थांबली. मी बोट काढलं नाही. त्याचा अंगठा माझ्या हाडावर येऊन बसला, सरकला, पुन्हा बसला, आणि एकदम नेमक्या जागी आवळला. दुखलं. डोळ्यांत पाणी आलं एवढं दुखलं.

'अजून,' मी म्हणालो.